चार बोटं ढील

४ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस, आणि आता मागितलंस ते नेमकं माझं कापायचं टेबल ओस पाडणारं. खडूला पंधरा दिवस तुमच्या बर्फात स्कीइंगला पाठव म्हणतेस. पाठवतो. अकरा वर्षं पोर त्या टेबलापाशी उभी आहे. तिच्या बरोबरीच्या मुली कुठे कुठे हिंडून आल्या, आणि आमच्या बाईंचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे बटणवाल्याचं दुकान.

तुला माहीत आहे, सुई ओवायला माझे डोळे आता दाद देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. शिवणखोलीत बसून मला पलीकडची कात्री ऐकू येते. नवशिक्याची कात्री कापड चावते. खडूची सुरू झाली की एकच लांब आवाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये श्वासालासुद्धा थांबत नाही. खाली आठ थर असले तरी. तुझी वहिनी गेली त्या वर्षी मी त्या आवाजावर दिवस काढले. पुढल्या वर्षी दुकान तिच्या हाती सोपवणार आहे आणि पाटीवर तिचं नाव घालणार आहे. तिला अजून बोललेलो नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही तुला सांगतोय, यावरून माझा आनंद ओळख.

आता कामाचं. इथली थंडी म्हणजे सकाळी दोन तास तोंडातून वाफ, मग स्वेटर खांद्यावर. तुझ्याकडची मी पाहिलेली नाही. अंगात काय, वर काय, हातात काय, सगळं सविस्तर लिही, फोनवर अर्धं तुटतं. विकतचं काही घेणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. कोट शिवणाऱ्याच्या मुलीने दुसऱ्याचा कोट घालून मिरवायचं असेल तर मी उद्यापासून भाजी विकायला बसतो. वीस तारखेला बेतायला घेईन, त्याआधी उत्तर धाड.

मेहुण्यांना नमस्कार. त्यांच्या त्या तारेवरच्या लोंबत्या खुर्च्यांत आमची पोर नीट बसवायला सांग.

लोभ आहे तो वाढता ठेव, वजन मात्र नको.
तुझा,
दादा


१० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खडू येणार हे वाचून मी वाळवणाच्या खोलीत एकटीच हसत बसले. माझी खोली हॉटेलच्या तळघरात आहे. भिंतीला एकशेवीस खुंट्या, खाली खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ. लोक संध्याकाळी बर्फातून येतात, ओले कपडे टांगतात, मी ते उलटे करून सकाळपर्यंत वाळवते. कोण काय घालून गेला होता आणि काय होऊन परत आला हे मला कपडेच सांगतात. तुझे कान, तसे माझे हे हात.

तर नीट ऐक. अंगालगत सुती कापड नको. घाम आला की सुती भिजतं आणि थंडगार होऊन पाठीला चिकटतं. आत पातळ लोकरीचं, त्यावर जाड लोकरीचं, त्यावर तुझा भरणाचा कोट. तिन्ही सैल.

आता चिडू नकोस. तुझ्या दुकानाचा कायदा मला पाठ आहे, एक बोट ढील. कोट घातल्यावर मनगटाशी नि काखेत एक बोट जावं, दुसरं गेलं तर शिवणाऱ्याची लाज. त्या एका बोटावर तू दुकान उभं केलंस, मी डोळ्यांनी पाहिलंय. गिऱ्हाईक आरशापुढे आलं की आपोआप ताठ व्हायचं. पण दादा, इथे तो कायदा चालत नाही. इथे चार बोटं. मनगटाशी चार, काखेत चार. ऊब कापडात नसते, कापडाखाली राहिलेल्या हवेत असते. आवळलं की हवाही जाते आणि रक्तही पुढे जात नाही. आणि हातमोजे बोटाबोटांचे करू नकोस. पिशवीसारखे कर, अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकत्र. दिसतात गबाळे, अस्वलाच्या पंजासारखे. पण आत बोटं एकमेकांना धरून राहतात.

मागे एकदा कोट काखेत आवळतोय असं मी गिऱ्हाइकासमोर बोलले, तर तू मला सगळ्यांदेखत उठवून काजं करायला बसवलंस. मी ते विसरले नाही आणि तूही विसरला नसशील. म्हणून आज लिहून सांगते. बाकी जन्मभर तुझंच ऐकेन, या एका बाबतीत माझं ऐक.

ह्यांचा नमस्कार. खडूला माझा पापा.
लोभ करतोसच, तो असाच करत राहा.
तुझी,
ठकू


३ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, पण सगळं बेतून झाल्यावर. पोस्टाचा कारभार तुला माहीतच आहे, पोस्टमन चालतो की रांगतो कळत नाही. असो. वाईट वाटून घेऊ नकोस. जे झालंय ते असं झालंय की बघून तुझ्या एकशेवीस खुंट्या लाजतील.

गडद निळा कोट. आत दुहेरी भरण, हाताने टाके घातलेत, बोटभर अंतरावर, एकही टाका वाकडा नाही. मनगटाला विणीची घट्ट पट्टी लावली आहे, वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची. आणि हातमोजे. ठकू, असे हातमोजे मी आयुष्यात केले नाहीत. मऊ चामडं, आत लोकरीचं अस्तर, पाचही बोटं अशी बसलीत की कातडी वाटावी. खडूने ते घालून स्वतःच्या कोटाची आठही बटणं लावून दाखवली. काजं करणारी आमची बाई म्हणाली की मालकांनी पोरीला दुसरे हात दिले. मी म्हटलं की पहिलेही मीच दिलेत. खाली घालायला पातळ मोजे वेगळे दिलेत, म्हणजे दुहेरी झालं.

तिच्याकडून वचन घेतलं आहे, माझ्या गळ्याला हात लावून, की मी दिलंय तेच अंगावर घालायचं. हॉटेलात भाड्याचे घामट कपडे मिळतात म्हणे, त्याला शिवायचं नाही. तूही तिला भरीला घालू नकोस. लोक विचारतील कुठे शिवलं म्हणून, पत्ता द्यायला लाजू नको.

सतराला पोचेल. स्टेशनवर मेहुणे येतील ना?

लोभ तुझ्याकडे, पोरगी तुझ्याकडे, मी इकडे टेबलाकडे बघत बसणार.
दादा


१९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खडू सुखरूप पोचली. दोन दिवसांत सात वेळा पडली आणि सात वेळा हसली. तिला इतकं हसताना मी ती फ्रॉकात होती तेव्हाच पाहिलं होतं. संध्याकाळी माझ्या खोलीत येते, नळावर पाय ठेवते आणि कोणाच्या कोटाला कुठे चूक आहे ते सांगते. काल एका बाईंनी तिच्या कोटाची चौकशी केली. मी तुझा पत्ता लिहून दिला.

एक सांगते. कोट काढल्यावर तिच्या मनगटावर पट्टीचे लाल वळ होते. बोटं गार होती. मी माझे सैल हातमोजे, अस्वलाचे, सतरा नंबरच्या खुंटीला तिच्या कोटाशेजारी टांगून ठेवले. तिने बघितले, हसली, आणि म्हणाली की बाबांच्या गळ्याला हात लावून आलेय. मी परत सांगणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, ठकीने पुन्हा नाक खुपसलं. म्हणून गप्प बसले. बर्फात पोर हुंदडतेच आहे, हात हलते राहतात, म्हणून निभावतंय बहुतेक.

लोभ आहे, काळजीही आहे.
ठकू


२३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

दुकानाच्या फोनवर तुला काय ऐकू गेलं आणि काय नाही ते समजलं नाही, लाईन तुटत होती, म्हणून लिहिते. वरचा रस्ता बर्फाने बंद आहे. आत्ता निघू नकोस, मध्ये अडकशील.

परवा दुपारी वारा एकदम वाढला आणि तारेवरच्या खुर्च्या आपोआप थांबल्या. तशा वाऱ्यात त्या थांबायलाच हव्यात, नाहीतर खाली येतात. खडू मधोमध होती. पावणेदोन तास. शून्याखाली सव्वीस. हे स्वतः खांबावर चढून माणसं उतरवत होते. खडूच्या पुढच्या खुर्चीत एक आजोबा होते, मागच्यात दोन शाळकरी बहिणी. तिघंही उतरून गरम पाणी प्यायली आणि घरी गेली.

खडूचे हातमोजे निघेनात. दवाखान्यात कात्रीने कापावे लागले. डाव्या हाताची आग व्हायला लागली तेव्हा डॉक्टरना बरं वाटलं. उजव्या हाताची आग झाली नाही. तीन बोटं मेणासारखी आहेत. हिमदंश म्हणतात त्याला. किती वाचेल ते कळायला काही आठवडे जावे लागतात. डॉक्टरनी मला विचारलं की मनगटाला एवढं आवळून कोणी बांधलं होतं. मी तुझं नाव घेतलं नाही, वाऱ्याने म्हणाले.

ती रडत नाही. तुला कळवताना हळू सांग, असं तिने मला सांगितलंय. याहून हळू मला येत नाही.

ठकू


८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

खडूला घेऊन घरी पोचलो त्याला आठवडा झाला. तुझ्याकडे होतो तेव्हा आपण दोघं फारसं बोललो नाही, आणि निघताना मी मेहुण्यांना नमस्कारही केला नाही. ते राहिलं.

उजव्या हाताची तर्जनी, मधलं आणि अनामिका मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी आहे. लोक येतात आणि म्हणतात की जिवावरचं बोटांवर निभावलं. मी त्यांना चहा देतो.

इथे सगळं ऐकू येतं, हाच त्रास आहे. सकाळी तिच्या खोलीतून बटणाचा आवाज येतो. नख लागतं, सुटतं, पुन्हा लागतं. मी पहिल्या दिवशी लावून द्यायला गेलो. तिने दार हळूच लोटून घेतलं, आपटलंही नाही. परवा ती टेबलापाशी आली. कात्री उचलली, डाव्या हातात घेतली. आमची कात्री उजव्या हाताची, डाव्यात ती उलटी पडते. तिने दोन इंच कापलं. मी शिवणखोलीत होतो. मशीन थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर मी ऐकतोय हे तिला कळलं असतं.

ठकू, एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितो. तुझं पत्र वेळेवर आलं असतं तर हे झालं नसतं. तू दोन दिवस आधी टाकायला हवं होतंस. इतकं महत्त्वाचं होतं तर कोणाबरोबर पाठवायचं. मी दोष देत नाही. फक्त मनात येतं.

पाटीवाला विचारून गेला. नंतर ये म्हणालो.

दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. मला आठवतंय की दहा तारखेला लिहिलं आणि त्याच दिवशी टाकलं. पण आता खात्रीने सांगता येत नाही. माझ्या एप्रनला मोठा खिसा आहे, त्यात गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या, किल्ल्या काहीही राहून जातं. राहिलंही असेल. पोस्टातल्या बाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या की आता काय सांगणार.

हे म्हणतात की मी स्वतःच्या मागे लागले आहे. जेवताना मध्येच उठून एप्रनचे खिसे बघते, धुतलेला असला तरी. सतरा नंबरच्या खुंटीला मी कोणाचं काही टांगू देत नाही. ते हातमोजे तिथेच आहेत. मी दोनदा सांगायला हवं होतं, दादा. पत्र उशिरा टाकलं ते टाकलं, पण तोंड तर माझ्याजवळ होतं.

खडूला सांग, आत्याने माफी मागितली आहे.
लोभ मागवत नाही.
ठकू


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नको. पहिलीतल्या मुलाने लिहिल्यासारखं दिसतंय आणि तेवढाच वेळ लागतोय. म्हणून थोडक्यात.

बाबा तुझं पत्र वाचून टेबलावर ठेवून गेले होते, ते मी वाचलं. तू माफी मागू नकोस. खिसे बघू नकोस.

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पाकीट असतं, मापं आणि कागदाचे नमुने ठेवायचं, हे तुझ्याच वेळेपासून आहे. काल मी माझं पाकीट काढलं. त्यात हातमोज्यांचा नमुना होता. वीस नोव्हेंबरला बाबांनी मला हाक मारली, टेबलावर एक कागद ठेवला आणि त्यावर हात ठेवायला सांगितला. बोटांच्या बेचक्यांतून पेन्सिल फिरवली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या, आणि हात हलवू नकोस म्हणून ते रागावले. पाठकोरा कागद ते कधी टाकत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी कागद उलटा करून पाहिला नव्हता. काल पाहिला.

मागे तुझं पत्र आहे, आत्या. दहा तारखेचं. चार बोटं ढील, पिशवीसारखे हातमोजे, सगळं. माझा हात त्याच्यावर ठेवलेला होता.

मी बाबांना काही बोलले नाही. कागद टेबलामागच्या भिंतीला टाचण्यांनी लावला, हाताची बाजू समोर करून. येणारे बघतात आणि डोळे पुसतात. त्यांना वाटतं आठवण म्हणून लावलाय.

तुझी,
खडू


२० मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र पंधरा नोव्हेंबरला आलं. वेळेवर. बेतायच्या पाच दिवस आधी. मी ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं, शेवटपर्यंत, आणि मला राग आला. काजांची गोष्ट तू काढलीस म्हणून आला, असं इतके दिवस स्वतःला सांगत होतो. तसं नव्हतं. तेव्हाही तू बरोबर होतीस. त्या गिऱ्हाइकाचा कोट काखेत आवळत होता, मला ते त्याच्या श्वासावरून ऐकू आलं होतं, आणि तरी मी तुला उठवलं. एक बोट ढील याच्यापलीकडे मला काही येतं का, हे बघायची माझी तयारी नव्हती. आणि पोर हॉटेलात शिरली की लोकांनी माना वळवून बघावं असं वाटत होतं. गबाळ्या पंजांकडे कोण बघतं.

मग कागद पाठकोरा दिसला.

तो भिंतीवर दिसला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला मागची बाजू माहीत नाही. तिने टाचण्या फक्त वर लावल्यात. दार उघडलं की वारा येतो, कागद खालून उचलतो आणि तुझ्या दोन ओळी दिसून जातात. मी आठ दिवस दार बंद ठेवायला सांगत होतो. काजं करणारी बाई म्हणाली की मालक, मार्चात गुदमरायला होतं.

मी नवे हातमोजे केले. पिशवीसारखे. मनगटाशी चार बोटं ढील ठेवली, इतकं सैल मी कधी कापलं नव्हतं. ते तिच्या टेबलावर ठेवले. तिने ते उचलून बाजूला ठेवले, रेघा मारायचा खडू त्यांच्याखाली गेला होता म्हणून. आता ती कापत नाही. नवीन कटर ठेवलाय, चांगला आहे, पण त्याची कात्री चावते. ती शेजारी उभी राहून डाव्या हाताने रेघा मारून देते आणि मध्ये थांबू नकोस म्हणून सांगते. तो थांबतोच. प्रत्येक वेळी मला ऐकू येतं.

काल मी तिला सांगितलं की आत्याला खरं लिहिणार आहे. तिने मान वर केली नाही. एकच विचारलं, पत्र शेवटपर्यंत वाचलं होतं का. मी हो म्हणालो. तिने रेघ पुरी केली.

तू खिसे बघणं सोड. तुझ्यावर मी जे घातलं ते माझं होतं. मेहुण्यांना नमस्कार, तो जानेवारीतला राहिलेलाही. त्या खुंटीवर आता कोणाचं तरी ओलं काही टांग.

आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा ती माझ्याआधी आली होती. तिने कागद उलटा करून चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्यात. आता दार उघडं ठेवलं तरी तो हलत नाही. हात भिंतीकडे आहे आणि तुझं अक्षर माझ्याकडे.

लोभ उरला असेल तर ठेव. नसला तरी ते पत्र मी रोज वाचतो.
दादा